आसऱ्यापासून घरापर्यंत



इतिहासाच्या व्याख्यानात लढाया, तह आणि वंशावळी यांचे विवेचन असावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि ती गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु समाजाचा इतिहास जसा किल्ल्याच्या तटावर लिहिलेला असतो, तसाच तो घराच्या उंबरठ्यावरही लिहिलेला असतो. कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर काढले, आणि बाहेर काढलेल्या माणसासाठी गावात दुसरे एखादे दार उघडे होते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या काळाची खरी परीक्षा होते. आज आपल्याला या दाराचा इतिहास पाहावयाचा आहे. घरातील मारहाणीमुळे बाहेर पडलेली स्त्री आणि ज्याला मुळात घरच नाही असा वयात आलेला मुलगा किंवा मुलगी, यांच्यासाठी महाराष्ट्राने आजवर काय केले, त्यातले काय टिकले आणि काय करावयाचे राहून गेले, हे पाहून मग आपल्या गावाकडे वळू.

आरंभीच दोन शब्दांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. आसरा वेगळा आणि घर वेगळे. पावसात झाडाखाली उभे राहतो तो आसरा. धर्मशाळेत तीन रात्री पथारी टाकतो तोही आसराच. आसरा देणाऱ्याच्या दयेवर चालतो आणि त्याला मुदत असते. घराला मुदत नसते. घराची किल्ली आपल्या कनवटीला असते, दाराची कडी आतून लावता येते, आणि उद्या सकाळी येथून कोणी उठ म्हणणार नाही या खात्रीवर माणूस रात्री झोपतो. गेल्या दीडशे वर्षांवर महाराष्ट्राने आसरे पुष्कळ उभारले. घरे मात्र फार थोडी दिली. माझे सारे प्रतिपादन या एका वाक्यात सांगता येईल. पुढचा विस्तार त्याच्या पुराव्यासाठी आहे.

प्रारंभ पुण्यापासून करावा लागतो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्यामागची हकीकत जोतीरावांनीच पुढे लिहून ठेवली आहे. त्यांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकास असलेल्या ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपले नवजात मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिच्यावर ही पाळी आणणारा पुरुष मोकळा राहिला. या घटनेनंतर फुले दांपत्याने विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, अशी सोय केली आणि तशा जाहिराती भिंतींवर लावल्या. १८८४ सालच्या आपल्या निवेदनात जोतीराव हिशेब देतात: तोवर पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली; तीस दगावली, कारण गरोदरपण लपविण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली होती. हा आकडा शांतपणे ऐकावा. पस्तिसांपैकी तीस! दार उघडे होते, परंतु बायका त्या दाराशी पोहोचेपर्यंत फार उशीर होत असे. आसऱ्याची माहिती आणि आसऱ्याचे अंतर हे दोन प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तसेच आहेत.

अशाच एका आईच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याच्याच मदतीने पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. बालहत्या प्रतिबंधक गृहाचा आसरा यशवंताच्या बाबतीत घर झाला. का झाला? तर तेथे त्याला मुदत नव्हती. अठरा वर्षे पूर्ण झाली, आता निघ, असे त्याला कोणी म्हटले नाही.

आता आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट. १८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. प्रथम फाशी फर्मावली गेली आणि नंतर ती शिक्षा कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दूषणांचा भडिमार सुरू झाला. त्याला उत्तर दिले ते मुंबई-पुण्याच्या एखाद्या पंडिताने नव्हे, तर आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. ताराबाईंचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास छापला गेला. पुढे तो विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंचा मुद्दा विधवांपुरता नव्हता. नवरा जिवंत असलेल्या बाईचे घरात काय होते, हेही त्यांनी रोखठोक विचारले. त्या काळच्या सुधारकांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटत होती.

कारण असे पाहा. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशाच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम निघाला. प्रार्थना समाजाने तो चालविला. विठोबाच्या गर्दीत सोडून दिलेली अर्भके आणि आडोसा शोधणाऱ्या बाया यांना तेथे जागा मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. ही सारी थोर कार्ये. परंतु त्यांचे दार मुख्यतः विधवेसाठी, आणि त्यातही बहुधा वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतील विधवेसाठी होते. नवऱ्याच्या माराने घर सोडणाऱ्या सधवेला त्या यादीत नाव नव्हते. कारण तिला घर आहे, असे सर्वांनी गृहीतच धरलेले होते.

कायद्याचे मतही तेच होते. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला आपणांस ठाऊक असेल. बालपणी झालेल्या विवाहाचा नवरा दादाजी भिकाजी याच्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ पासून खटला चालला. १८८७ साली न्यायालयाने हुकूम केला की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे कळविले. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर सेवा केली. त्यांना शिक्षणाची आणि माहेरची साथ होती. ज्यांना ती नव्हती, अशा हजारो स्त्रियांपुढे नवऱ्याचे घर किंवा विहीर हेच दोन पर्याय उरत. आपल्या वऱ्हाडातील जुन्या विहिरींना बोलता आले असते, तर इतिहासकारांना पुष्कळ साधने मिळाली असती.

रमाबाई आणि कर्वे यांच्या संस्थांकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे, ती योजनेची दृष्टी होय. १८८७ साली अमेरिकेत बोस्टन येथे रमाबाईंच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. दहा वर्षांनंतर काय, हा विचार रमाबाईंनी वचन संपण्याच्या आधीच केला. केडगावला जमीन घेतली, फळबागा लावल्या आणि संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे अशी तजवीज आरंभिली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. केडगावची जमीन आधी घेतलेली होती म्हणूनच त्यांना ठेवण्यास जागा होती. पुढे तेथे शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग उभे राहिले. त्यांच्या धर्मांतराविषयी आणि शिकवणीविषयी त्या काळी मोठे वादळ झाले. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. संकट येण्याआधी जमीन घेऊन ठेवणे हा धडा मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाने घ्यावा असा आहे.

कर्व्यांनी आरंभी स्वतःच्या शिलकीचे एक हजार रुपये दिले आणि विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. हिंगण्यासाठी जमीन मिळाली ती रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांच्याकडून. अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत आणि चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जात. आश्रमातील पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. त्या वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. या संस्थेचे रहस्य असे की, येथून बाहेर पडणारी स्त्री शिक्षिका किंवा परिचारिका होऊन पडत असे. घर देता येत नव्हते. निदान घर मिळविण्याची ताकद द्यावी, असा तो मार्ग होता. मार्ग चांगला होता. परंतु जी स्त्री शिकण्याच्या वयाची नाही, जिच्या कडेवर मूल आहे, जिचा हात मोडलेला आहे, तिला त्या मार्गाने फार दूर जाता येत नसे.

आता विदर्भाकडे येऊ. १९२१ साली नागपुरास कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साह्याने मातृसेवा संघ काढला. कमलाताई स्वतः बालविधवा होत्या. सूतिकागृहांची त्यांची साखळी पुढे ठिकठिकाणी पसरली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा हातात झाडू घेऊन फिरले आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण स्वतःच्या नावे त्यांनी काही ठेवले नाही. १९५६ साली वलगावजवळ ते गेले तेव्हा त्यांची मालमत्ता म्हणजे एक फुटके मडके आणि चिंध्यांचे वस्त्र, असे लोक सांगतात. बाबांना धर्मशाळेची मर्यादा ठाऊक होती. तेथे आलेल्याने आज ना उद्या आपल्या गावी जावयाचे असते. ज्याला गावच नाही त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या एका अनुयायाने पुढे हाती घेतला.

ते अनुयायी म्हणजे शंकरबाबा पापळकर. गाडगेबाबांना वाहिलेले ‘देवकीनंदन गोपाला’ हे नियतकालिक त्यांनी चालविले. अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने त्यांनी बालगृह उभारले. रेल्वेच्या फलाटावर, बसस्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली, आणि त्यांतही बहुतेक अंध, मूकबधिर किंवा मतिमंद अशी मुले तेथे आली. शंभरांहून अधिक मुलांच्या नावापुढे वडील म्हणून शंकरबाबांनी आपले नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या कार्यातील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुरस्कार ही नव्हे. ती गोष्ट म्हणजे त्यांची वर्षानुवर्षांची एकच मागणी: अठरा वर्षे झाली म्हणून बेवारस दिव्यांग मुलाला बालगृहाबाहेर काढू नका, त्याला आयुष्यभर राहता येईल असा कायदा करा. वझ्झरच्या मुलांना त्यांनी बाहेर काढले नाही.

दुसरे उदाहरण सिंधुताई सपकाळ यांचे. वर्धा जिल्ह्यात १९४८ साली त्यांचा जन्म झाला आणि फार लहानपणी लग्न झाले. दिवस भरलेले असताना नवऱ्याने मारून घराबाहेर काढले आणि गोठ्यात त्या बाळंत झाल्या. माहेरचे दारही उघडले नाही. रेल्वेत गाणी म्हणत, भीक मागत, स्मशानात रात्री काढीत त्या जगल्या, आणि आपल्या उत्तरेकडील डोंगरात चिखलदऱ्यास त्यांनी पहिले काम उभे केले. पुढे पुणे परिसरात संस्था निघाल्या. २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्याकडे वाढलेली मुले मोठी झाली, नोकरीला लागली, लग्ने झाली, तरी ते घर त्यांचेच राहिले. मुली बाळंतपणाला येत, जावई दिवाळीला येत. मारहाण सोसलेली स्त्री आणि बेघर मूल हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे सरकारी कागद म्हणतो. सिंधुताईंच्या आयुष्यात ते एकाच रात्री, एकाच गोठ्यात जन्मले.

हे दोन प्रश्न खरोखरीच एक आहेत, हे कायद्याच्या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते. १९४६ च्या कायद्याने हिंदू पत्नीला क्रौर्यादी कारणांवरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा अधिकार मिळाला. १९८३ साली नवऱ्याकडून व सासरकडून होणारा छळ हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा झाला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने सांगितले की, मालकी असो वा नसो, स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. एकोणिसाव्या कलमाने दंडाधिकाऱ्यास असा अधिकार दिला की, त्याने तिच्यासाठी पर्यायी निवास किंवा त्याचे भाडे देण्याचा हुकूम करावा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंदर आहुजा खटल्यात सामाईक घराचा अर्थ व्यापक केला. सासऱ्याच्या मालकीच्या घरातही सुनेला हा हक्क असू शकतो, असा त्याचा आशय.

कायदा चांगला आहे. पण आपल्याकडचे घर म्हणजे एक आवार, चार भावांच्या चार खोल्या, एकच न्हाणी आणि एकच हापसा. त्या आवारात न्यायालयाच्या हुकुमाने एक खोली मिळेल. त्या खोलीत झोप मिळेलच असे नाही. म्हणून पुष्कळ बायका निवारागृहात जातात. सखी केंद्रात तात्पुरता मुक्काम पाच दिवसांपर्यंत. स्वाधारगृहाच्या नियमांत घरच्या हिंसाचारातून आलेल्या स्त्रीला साधारण एक वर्ष. २०२२ नंतर या योजनेचे रूपांतर शक्ती सदनात झाले आणि मुदत वाढली, पण मुदत राहिलीच. तिच्याबरोबर ठराविक वयापुढचा मुलगा राहू शकत नाही. त्याला बालगृहात जावे लागते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठराव्या वर्षी तो बालगृहातून बाहेर येतो. अनुरक्षणगृहाची सोय मिळाली तर एकविसाव्या, अपवादात्मक स्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत आधार चालतो. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांना शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, तेही योग्यच झाले.

आता या हिशेबातील माणसे पाहा. आईची मुदत संपली, ती कोठेतरी मोलमजुरी करते. मुलाची मुदत संपली, तो कोठेतरी हॉटेलात कपबशा विसळतो. दोघांनी एकमेकांस भेटावयाचे ठरविले तर भेटावे कोठे? बसस्थानकावर! सरकारने दोघांनाही आसरा दिला, खर्च केला, नोंदवह्या भरल्या. परंतु दोघांना एकत्र चूल मांडता येईल अशी जागा कोणत्याही नोंदवहीत नव्हती. आसऱ्यामागून आसरा जोडीत गेले तरी त्यांची बेरीज घर होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती खेड्यांतील परित्यक्तांनी. स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली सांगली जिल्ह्यात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने १९८० नंतरच्या दशकात मागणी केली ती दयेची नव्हती: टाकलेल्या बाईला तिच्या नावाची शिधापत्रिका द्या आणि घर बांधण्यास गावात जागा द्या. त्याच सुमारास शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असे सांगितले. विदर्भात त्या संघटनेचे बळ मोठे होते. १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबर वाटा दिला. देशभर तो २००५ साली मिळाला. नाव उताऱ्यावर आले म्हणजे काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी पाहणी केली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते अशा स्त्रियांपैकी ४९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. नावावर जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के आढळले. शिक्षण, उत्पन्न वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला. म्हणजे उताऱ्यावरचे नाव केवळ मार खाल्ल्यानंतर उपयोगी पडत नाही, पुष्कळदा ते हातच उगारू देत नाही.

परदेशांतही वाटचाल अशीच झाली. १९७१ साली लंडनच्या चिस्विक भागात एरिन पिझी यांनी मार खाणाऱ्या बायकांसाठी घर उघडले आणि थोड्याच काळात ते माणसांनी ओसंडले. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम सेंबेरिस यांनी नेहमीची रीत उलटी फिरविली. आधी सुधार, व्यसन सोड, शिस्त दाखव आणि मग घर, ही जुनी रीत. त्यांनी आधी घर दिले. औषधोपचार आणि सल्ला नंतर, आणि तोही माणसाने मागितला तर. फिनलंडने २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण केले आणि तेथील बेघरांची संख्या पुष्कळ घटली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक येथे १९९७ साली सिस्टर लुसी कुरियन यांनी ‘माहेर’ ही संस्था सुरू केली. मदत मागावयास आलेल्या एका गरोदर बाईला उद्या ये म्हणून सांगितले गेले आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटविले, हा अनुभव त्या कार्याच्या मुळाशी आहे. संस्थेस दिलेले नावच सांगते की, मराठी स्त्रीच्या मनात सुरक्षित जागेचा अर्थ काय आहे.

आता वरवट बकालचा विचार करू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधे काळी कपाशीची जमीन, आणि जवळ शेगावसारखे क्षेत्र. अशा ठिकाणी जर आठ-दहा घरांची एक कायमची वस्ती करावयाची असेल, तर इतिहास आपल्याला काय शिकवितो?

पहिली गोष्ट जागेची. अशी वस्ती गावाबाहेर, स्मशानाच्या वाटेवर नसावी. एस.टी. थांबा, शाळा, दवाखाना आणि बाजार पायी गाठता यावा. लंडनमध्ये निवाऱ्याचा पत्ता गुप्त ठेवून संरक्षण होते. खेड्यात काही गुप्त राहत नाही. पाहुणा आला तरी संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळते. म्हणून खेड्यातले संरक्षण लपण्यात नसून शेजारात असते. पोलीस पाटील, ग्रामपंचायत, बचतगटातील बाया आणि कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी यांनी मिळून ही वस्ती आमची आहे असे उघड म्हणावयास हवे. ज्या स्त्रीच्या जिवाला खरोखर धोका आहे तिला दूरच्या तालुक्यातील अशाच वस्तीत जागा द्यावी आणि तिकडची आपल्याकडे घ्यावी. हे एका गावाचे काम नसून अनेक गावांच्या देवघेवीचे आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर राहणारीचे नाव यावे. ते शक्य नसेल तर संस्थेने तिला आजन्म राहण्याचा लेखी करार आणि दरमहाच्या अल्प भाड्याची पावती द्यावी. भाडे पाच रुपये असले तरी चालेल. पावती मात्र हवी. पावतीमुळे दयेचे रूपांतर हक्कात होते. तिचा मुलगा वयात आला म्हणून त्याला बाहेर जावे लागू नये, आणि बालगृहातून एकट्याने आलेल्या तरुणालाही त्याच आवारात, वेगळ्या दाराची खोली मिळावी.

तिसरी गोष्ट मदतीची. घर दिले म्हणजे काम संपत नाही. वकिलाकडे जाताना बरोबर कोणी हवे, मुलाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारे कोणी हवे, रात्री भीती वाटली तर दार वाजविता येईल असे कोणी हवे. परंतु ही मदत म्हणजे पहारा होऊ नये. सात वाजता परत या, कोणाशी बोलू नका, भजनाला बसलेच पाहिजे, असल्या अटींनी पुष्कळ आश्रमांचे तुरुंग झाले आहेत.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट पैशाची. इमारतीला देणगी मिळते, कारण इमारतीवर नावाची पाटी बसते. कार्यकर्तीच्या पगाराला पाटी नसते. म्हणून रमाबाईंप्रमाणे दहा वर्षांचे वचन आधी घ्यावे आणि त्या दहा वर्षांत उत्पन्नाची जमीन किंवा गाळे उभे करावे. हे न करता घाईने पाया घातला तर पाचव्या वर्षी दाराला कुलूप लागेल. एकदा घर म्हणून दिलेली जागा काढून घेणे हे मुळात न देण्याहून अधिक क्रूर आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सभ्य माणसेच घेतात: अशी घरे बांधली तर बायका क्षुल्लक भांडणावरून घर सोडतील आणि संसार मोडतील. जोतीरावांनाही असेच सांगण्यात आले होते की, तुमच्या गृहामुळे अनीती वाढेल. अनीती वाढली नाही. पाच मुले जगली. घराचे वासे एकदा फिरले म्हणजे बाईने काय सोसले आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. कोणतीही आई हौसेने मांडलेली चूल विझवून, लेकरू काखेला मारून, काळोखात रस्त्याने चालू लागत नाही. उलट, जवळ दुसरे दार आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले तर पुष्कळ संसार मोडण्याऐवजी ताळ्यावर येतील. केरळातील आकडे तेच सुचवितात.

तात्पर्य असे की, आपल्या पूर्वजांनी आसऱ्याचे काम केले ते त्यांच्या काळास शोभेसे, आणि पुष्कळदा काळाच्या पुढचे होते. फुल्यांनी आपले घर दिले, ताराबाईंनी शब्द दिला, रमाबाईंनी योजना दिली, अण्णांनी शिक्षण दिले, गाडगेबाबांनी धर्मशाळा दिल्या, आणि शंकरबाबांनी स्वतःचे नाव दिले. उरले आहे ते एकच, आणि ते आपल्याला करावयाचे आहे: मुदत काढून टाकणे. ग्रामसभेच्या पुढील बैठकीत गावठाणातील एखादा भूखंड या कामासाठी राखून ठेवण्याचा ठराव मांडता येईल. ठरावाला पैसा लागत नाही. सूचक आणि अनुमोदक मात्र लागतात. ते दोघे आज या सभेत बसलेले असावेत, एवढीच आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.